बसून चालवायचा लॉन ट्रॅक्टर : पुण्याचा मुरूम, पाऊस आणि ई-२० पेट्रोल

हरळी
मुळशी, भूगाव, पानशेत रस्ता, सिंहगडाचा पायथा इथे ज्यांच्याकडे एकरभर तरी हिरवळ आहे आणि बसून चालवायचा लॉन ट्रॅक्टर आहे, त्यांच्यासाठी हा धागा. यंत्राबरोबर येणारी पुस्तिका थंड देशातल्या मऊ, सपाट लॉनसाठी लिहिलेली असते. आपल्याकडे हिरवळीखाली मुरूम, त्याखाली काळा दगड. फेब्रुवारी ते मे नुसता फुफाटा, पुढचे चार महिने चिखल, आणि पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल). पुस्तिका पाळायचीच, पण ती इथे कुठे अपुरी पडते ते या धाग्यात जमा करू.

चर्चा साध्या घरगुती यंत्राची धरू : ४२ इंची डेक (पाती झाकणारं खालचं पत्र्याचं कवच), दोन पाती, १७ ते २२ हॉर्सपॉवरचं हवेनं थंड होणारं पेट्रोल इंजिन, हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारा) गिअर.

सुरुवात दगडांपासून करते, कारण आपल्याकडची सगळ्यात मोठी इजा तिथून होते. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांच्या आत ठेवायचा, अशी अमेरिकेच्या बी७१.१ मानकाची मर्यादा आहे आणि बहुतेक यंत्रं तिच्या जवळपासच चालतात. म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. या वेगानं उडालेला लिंबाएवढा खडा पडवीतल्या माणसाचा डोळा घेऊ शकतो. पावसाळ्यात माती धुपते आणि खालचे दगड उघडे पडतात. त्यामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या कापणीआधी सगळी जागा पायी फिरून, दगड, वायरीचे तुकडे, ड्रिपच्या नळ्या आणि स्प्रिंक्लरची डोकी बघून घ्यायची. न निघणाऱ्या दगडाशेजारी रंगवलेली खुंटी ठोका. गवत गुडघ्याच्या वर असेल तर गमबूट घालून, काठी आपटत फिरा. घोणस अशाच जागी बसते.

डेकच्या बाजूचं प्लास्टिकचं झाकण, ज्यातून गवत बाहेर पडतं, ते कधीही वर बांधून ठेवू नका. "गवत अडकतं" म्हणून माळी ते काढून टाकतात. दगड खाली दाबण्यासाठीच ते आहे. आणि कापताना गवत फेकायची बाजू घर, रस्ता, माणसं यांच्या उलट दिशेला राहील अशा फेऱ्या घ्या.

उतार
हरळी यांनी दगड घेतले, मी उतार घेतो. दगडानं इजा होते, पण ट्रॅक्टर अंगावर उलटला तर माणूस जातो.

बहुतेक लॉन ट्रॅक्टरची मर्यादा १५ अंश असते, काहींची १० अंशच. आपला चढ किती आहे ते डोळ्यांनी ठरवू नका. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या. तिचं एक टोक चढावर टेकवा, पट्टीवर स्पिरिट लेव्हल ठेवून ती आडवी करा आणि दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. १७.५ सेंटिमीटर भरलं तर १० अंश, २७ भरलं तर १५. सर्वांत तीव्र दिसणाऱ्या चार-पाच जागी मोजा. सरासरीला इथे अर्थ नाही.

बसून चालवायचा ट्रॅक्टर उतारावर वर-खाली चालवायचा, आडवा नाही. मागून ढकलायच्या मोव्हरचा नियम बरोबर उलटा आहे, तो आडवा चालवतात, आणि त्यामुळे नेहमीचा माळी चुकतो. झिरो-टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणाऱ्या, यंत्राची गोष्ट आणखी वेगळी, त्याची पुस्तिका वेगळी वाचावी.

आणखी एक परीक्षा : पाती बंद ठेवून उतारावर रिव्हर्समध्ये वर चढून बघा. चढता येत नसेल तर तो उतार या यंत्राचा नाही, तिथे ब्रशकटर वापरा. जुलै-ऑगस्टमधे हीच परीक्षा रोज नव्यानं करावी लागते, कारण ओल्या हरळीवर टायरची पकड निम्म्याहून कमी वाटते.

वर चढताना चाकं फिरायला लागली तर आधी पाती बंद, मग सावकाश सरळ मागे खाली. वळायचं नाही. पाय जमिनीला लावून सावरायचा प्रयत्न तर कधीच नाही. पाय डेकखाली जातो. वळण नेहमी वरच्या किंवा खालच्या सपाटीवर. शेततळं, विहीर, दगडी ताल, बांध यांच्या कडेपासून ट्रॅक्टरच्या दोन रुंदींइतकं अंतर सोडा. पावसानं आतून पोखरलेली कड वरून शाबूत दिसते. उरलेली पट्टी हातानं कापा.

बहुतेक घरगुती ट्रॅक्टरना उलटल्यावर वाचवणारी कमान नसते. कमान नसेल तर पट्टा बांधायचा नाही. कमान असेल तर पट्टा बांधल्याशिवाय बसायचं नाही.

अंगण
सीटखालच्या स्विचबद्दल विचारायचं होतं. फांदी उचलायला उठलं की इंजिन बंद पडतं, म्हणून तो स्विच वायरनं जोडून टाकावा असं बरेच मेकॅनिक सुचवतात. चालतं का? शिवाय रिव्हर्स घेताना पाती आपोआप बंद होतात, ते बरोबर आहे की बिघाड?

पाना_सोळा
चालत नाही, अजिबात जोडू नका. पाती चालू असताना चालक सीटवरून उठला की इंजिन बंद पडणं हेच त्या स्विचचं काम आहे. फांदी उचलायला उतरायचं असेल तर क्रम असा : पाती बंद, पार्किंग ब्रेक, इंजिन बंद, किल्ली काढून खिशात. मग उतरायचं. पाती बंद केल्यावर पाचेक सेकंदांत थांबली पाहिजेत. त्याहून जास्त वेळ फिरत राहिली तर पात्यांना इंजिनशी जोडणाऱ्या इलेक्ट्रिक क्लचचा ब्रेक झिजलाय किंवा त्याची फट बिघडलीय.

साध्या खड्ड्यातून जाताना सुद्धा इंजिन बंद पडत असेल तर मात्र स्विच किंवा त्याचं कनेक्टर खराब आहे, ते बदला. उंदरांनी सीटखालची वायर कुरतडलेली असणं आपल्याकडे नेहमीचं.

रिव्हर्सला पाती बंद होणं हा बिघाड नाही. मागे लहान मूल आलेलं चालकाला दिसत नाही, म्हणून ते तसं केलंय. काही ट्रॅक्टरना ते टाळायची किल्लीची वेगळी खूण असते. ती वापरायचीच असेल तर आधी मान पूर्ण मागे वळवून खाली बघा. मुलांना मांडीवर बसवून फेरी मारणं बंदच करा. एकदा फेरीची गोडी लागली की ट्रॅक्टरचा आवाज ऐकून मूल धावत येतं, आणि ते नेमकं मागून येतं.

महिन्यातून एकदा मोकळ्या जागी हे तपासा : ब्रेक न दाबता स्टार्टर फिरता कामा नये. पात्यांचा स्विच चालू असताना फिरता कामा नये. पाती चालू असताना सीटवरून किंचित उठल्यावर इंजिन बंद पडलं पाहिजे. यातलं एकही चुकलं तर दुरुस्तीपर्यंत यंत्र उभं ठेवा.

वंगण
तेल आणि हवा.

पहिलं तेल ५ ते ८ तासांनी काढा, नव्या इंजिनातला धातूचा चुरा त्यात असतो. पुढे दर ५० तासांनी, किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. फिल्टर असेल तर तोही १०० तासांनी. एका सिलिंडरच्या इंजिनात साधारण १.४ लिटर आणि दोन सिलिंडरच्या इंजिनात १.९ लिटर तेल बसतं, पण शेवटचा शब्द डिपस्टिकचा. आधी तीन चतुर्थांश ओता, दोन मिनिटं थांबा, मग थोडं थोडं. जास्त तेल भरणं कमी तेलाइतकंच वाईट : ते ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमधे जातं, निळसर धूर येतो आणि लोक पिस्टनच्या रिंग गेल्या समजून इंजिन खोलून बसतात.

ग्रेड : पुण्याच्या हवेत एसएई ३० ठीक बसतं. १०डब्ल्यू-३० उन्हाळ्यात जास्त जळतं, म्हणून घातलंच तर एप्रिल-मेमधे दर वेळी सुरू करण्याआधी पातळी बघा. दुकानात बाइकचं २०डब्ल्यू-४० पटकन मिळतं. वॉरंटीत असलेल्या यंत्रात पुस्तिकेबाहेरची ग्रेड घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेल कोमट असताना काढा, गरम नाही. फिल्टरच्या रबराला नवं तेल बोटानं लावा, रबर टेकेपर्यंत हातानं फिरवा, त्यापुढे अर्धा ते पाऊण फेरा. पान्यानं आवळू नका. जुनं तेल कॅनमधे भरून गॅरेजला द्या. विहिरीच्या आवारात मातीत ओतू नका.

एअर फिल्टर हा आपल्याकडे पुस्तिकेपेक्षा दुपटीनं बघायचा भाग आहे. बाहेरचा स्पंज २५ तासांनी धुवा असं लिहिलेलं असतं. कोरड्या महिन्यांत तो १० तासांतच मातीनं भरतो. साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, फडक्यात दाबून सावलीत पूर्ण वाळवा. आतला कागदी फिल्टर फक्त सपाट जागेवर हलकेच आपटा. कंप्रेसरची हवा मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात, मग मुरमाची बारीक धूळ थेट सिलिंडरमधे जाते. कागद तेलकट किंवा काळा झाला असेल तर बदलाच.

इंजिनवरचं जाळीचं झाकण आणि त्याखालच्या सिलिंडरच्या पट्ट्या साफ ठेवा. हे हवेनं थंड होणारं इंजिन आहे. पट्ट्यांमधे गवताचा भुसा बसला की एक बाजू तापते आणि हेड गॅस्केट जातं. त्याच कारणासाठी कापणी फुल थ्रॉटलवर करायची. "पेट्रोल वाचवायला" अर्ध्या थ्रॉटलवर कापलं तर पंखा कमी हवा देतो, पाती हळू फिरतात आणि गवत फाटतं. वेग कमी हवा असेल तर पुढे जायचा वेग कमी करा. पाती मात्र अर्ध्या थ्रॉटलवर सुरू करा, मग थ्रॉटल वाढवा. क्लच आणि पट्टा दोन्ही जास्त टिकतात. गव्हर्नरच्या (इंजिनचा वेग धरून ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगला हात लावू नका.

मुरूम
मार्च ते मेमधे आगीचा धोका तेलापेक्षा मोठा आहे. सायलेन्सरभोवती वाळलेला पाला साठतो. तास-दीड तास कापून यंत्र तसंच गवताच्या पेंढ्यांशेजारी शेडमधे लावलं की ठिणगीची सुद्धा गरज नसते. दर अर्ध्या तासानं थांबून सायलेन्सरभोवतालचा पाला काठीनं काढा, आणि शेडमधे नेण्याआधी अर्धा तास उघड्यावर थंड होऊ द्या. शेडच्या दाराशी एबीसी पावडरचं २ किलोचं अग्निशामक असावं. गॅस गीझर ज्या खोलीत आहे तिथे हे यंत्र किंवा पेट्रोल ठेवायचं नाही.

पेट्रोल साठवण्याबद्दलही लिहितो. पेट्रोलियम कायदा १९३४ प्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल एकूण ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं. भांडं घट्ट झाकणाचं, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत, काचेचं असेल तर १ लिटरपर्यंतच. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या त्यात बसत नाहीत. पिकअपच्या हौद्यात रबरी चटईवर कॅन ठेवून भरू नका, खाली जमिनीवर ठेवून भरा; स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. यंत्रात भरताना इंजिन बंद आणि थंड.

अंगण
ई-२० बद्दल नेमकं काय करायचं? पंपावर आता तेच मिळतं.

मुरूम
बहुतेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली असते. ई-२० मधे त्याच्या दुप्पट. त्रास दोन प्रकारचा. एक, मिश्रण पातळ पडतं, म्हणजे इंजिन जास्त गरम चालतं आणि रिकामं असताना वेग वर-खाली करतं. दुसरा त्रास मोठा : इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात महिनाभर टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलमधे पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर होतो. तो कार्बोरेटरच्या वाटीत उतरतो आणि ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी चढते. मुख्य जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोंडाचं, भोक केसाएवढं, त्यात ती भुकटी बसली की यंत्र बंद. जुन्या रबरी नळ्याही फुगून चिकट होतात.

काही पंपांवर १०० ऑक्टेनचं महाग पेट्रोल असतं. त्यात इथेनॉल नाही असं सांगितलं तरी एकदा तपासून घ्या. १०० मिलीची काचेची मोजनळी घ्या. तिच्यात १० खुणेपर्यंत पाणी, वर १०० खुणेपर्यंत पेट्रोल. बूच लावून हलवा, बूच एकदा सैल करून दाब सोडा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. २५ च्या पुढे गेला तर ते ई-२०. हे उघड्यावर, विडी-काडीपासून लांब करायचं. नळीतलं पेट्रोल परत टाकीत ओतायचं नाही.

ई-२० च वापरावं लागलं तर नियम सोपे : दोन-तीन आठवड्यांत संपेल इतकंच आणा. तीन आठवडे यंत्र उभं राहणार असेल तर टाकीखालचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे वाटी रिकामी होते. नळ्या दर दोन वर्षांनी इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घाला, आणि कॉक व कार्बोरेटरमधला छोटा फिल्टर दर वर्षी. फिल्टरवरचा बाण कार्बोरेटरकडे.

पाना_सोळा
आता डेकखालचं. काम सुरू करण्याआधी : इंजिन थंड, किल्ली बाहेर, प्लगची वायर काढून प्लगपासून लांब बांधलेली. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी. पुढून उचलायचं तर जॅक फक्त उचलायला. वजन स्टँडवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर. नुसत्या जॅकवर उभ्या ट्रॅक्टरखाली हात घालायचा नाही. विटांवर तर नाहीच, वीट एका ठोक्यात फुटते. शक्य असेल तर सरळ डेकच काढा. ४२ इंची डेक चार-पाच पिना आणि पट्टा काढला की बाजूनं सरकतो, वीस मिनिटांचं काम, आणि सगळं उजेडात दिसतं.

पान्यांची अडचण : या यंत्रांत इंची बोल्ट असतात आणि आपल्या पेटीत मिलिमीटरचे पाने. ५/८ इंचाला १६ चा पाना चालतो, ३/४ ला १९, १५/१६ ला २४, ७/१६ ला ११. पण ९/१६ ला १४ जात नाही आणि १५ नं डोकं झिजतं. १/२ ला १३ सैल बसतो. पात्याच्या बोल्टवर सैल पाना मारून डोकं गोल करण्यापेक्षा इंची गोटी पान्यांचा संच नाना पेठेतून एकदाच घ्या.

पातं सोडवताना डेक आणि पातं यांच्यामधे लाकडाचा ठोकळा अडकवा. हातात जाड हातमोजे. काढण्याआधी पात्याच्या खालच्या बाजूला रंगानं खूण करा, कारण उलटं बसवलेलं पातं कापत नाही, फक्त झोडपतं. वळलेला पंख नेहमी डेकच्या दिशेनं वर.

धार दर २५ तासांनी. मुरमाड जागेत दर १०-१२ तासांनी नजर टाका. मूळ कोन साधारण ३० अंश, तोच राखा. धार फक्त वरच्या बाजूनं काढायची. ग्राइंडरवर पातं निळं पडलं की तिथला कडकपणा गेला, ती धार दोन फेऱ्यांत बसते. म्हणून थोडं घासा, पाण्यात बुडवा, पुन्हा घासा. शेवटचा हात कानशीनं. वस्तऱ्यासारखी धार नको, तिचे लगेच तुकडे पडतात. कडेला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडी राहू द्या.

मग तोल : भिंतीत आडवा खिळा ठोकून पात्याचं मधलं भोक त्यावर अडकवा. जी बाजू खाली जाते तिच्या धारेच्या मागून घासा. तोल नसलेलं पातं स्पिंडलचं (पातं ज्यावर फिरतं त्या दांड्याचं) बेअरिंग खातं, आणि ते बेअरिंग गेलं की सारा डेक थरथरतो. पंखाच्या मुळाशी पत्रा पातळ झाला असेल किंवा चीर दिसली तर पातं फेकून द्या. वेल्डिंग करून वापरायचं नाही. त्या वेगात सुटलेला तुकडा डेकचा पत्रा भेदून बाहेर येतो. वाकलेलं पातं ठोकून सरळ करणंही त्यातच आलं.

बोल्ट आवळताना टॉर्क रेंच वापरा आणि आकडा पुस्तिकेतला घ्या. दगडावर जोरात आपटल्यावर लगेच थांबून पातं, बोल्ट आणि स्पिंडल बघा. पातं धरून वर-खाली हलवा. खुळखुळ जाणवली तर बेअरिंग गेलं.

हरळी
डेक तिरका असेल तर कितीही धार काढा, गवतावर पायऱ्या दिसतात. आधी चारही टायरची हवा पुस्तिकेप्रमाणे. साधारण पुढे १४ आणि मागे १० पीएसआय असते, म्हणजे मोटारीच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे हवावाल्याला आकडा सांगूनच भरा. मग सपाट फरशीवर पाती आडवी फिरवून डाव्या आणि उजव्या टोकापासून फरशीपर्यंत मोजा. फरक ३ मिलिमीटरच्या आत. मग पाती पुढे-मागे अशा दिशेत करून मोजा : पुढचं टोक मागच्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटर खाली हवं. उलट असलं तर कापलेलं गवत पात्याला दुसऱ्यांदा लागतं आणि इंजिनवर उगाच भार येतो.

उंचीबद्दल. हरळी आणि सिलेक्शन नंबर वन या जातींना ३० ते ४० मिलिमीटर ठेवा. बसून चालवायच्या यंत्रानं २५ च्या खाली जाऊ नका. आपली जमीन क्रिकेटच्या मैदानासारखी रुळलेली नसते, उंचवट्यावर डेक घासून गवत मुळापासून सोललं जातं. एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशच काढायचा. ऑगस्टमधे गवत दहा दिवसांत हाताबाहेर जातं, तेव्हा दोन फेऱ्या : पहिली सर्वांत उंच खाचेवर, दुसरी दोन-तीन दिवसांनी खाली. मेक्सिकन लॉन घट्ट आणि कडक असतं, त्यात धार लवकर मरते. ओलं गवत शक्यतो कापू नका. श्रावणात दुपारी दोन-तीन तास ऊन पडतं तीच वेळ.

वंगण
काही डेकना आतून धुवायला पाण्याचा पाइप जोडायचं तोंड असतं. ते शक्यतो वापरू नये, असं माझं मत. त्यातून धुतलं की पाणी स्पिंडलच्या बेअरिंगवर जातं आणि वरच्या पुलीखाली ओल राहते. धुवायचंच तर त्यानंतर पाती दोन-तीन मिनिटं चालवून पाणी झटकून टाका. पावसाळ्यात मात्र धुऊच नका. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडून काढणं जास्त चांगलं, कारण खरवडताना डोळ्यांना चिरा आणि गंज दिसतात. पाइपनं धुणाऱ्याला ते दिसतच नाही.

उतार
मी धुण्याच्या बाजूनं आहे, पण एका अटीवर : कापून झाल्यावर लगेच. गवत दोन दिवस वाळलं की पाण्यानं निघत नाही, मग खरवडावंच लागतं. घाटमाथ्याच्या बाजूला, ताम्हिणीकडे, हवाच इतकी ओली असते की ओलं गवत पत्र्याला चिकटून राहिलं तर एका पावसाळ्यात रंगाखाली गंज शिरतो.

अंगण
डेकचा पट्टा पुण्यात कुठला घ्यावा? मूळ पट्टा यायला वेळ लागतो, तोवर मळणीयंत्राचा साधा व्ही-पट्टा चालतो का?

पाना_सोळा
आकार जुळवता येतो, पण टिकत नाही. गणित असं : मोव्हरच्या पट्ट्यावर ४एल९७० असं लिहिलं असेल तर ४एल म्हणजे रुंदी अर्धा इंच आणि ९७० म्हणजे बाहेरून लांबी ९७ इंच. आपल्याकडच्या ए सेक्शनच्या पट्ट्यावर आतली लांबी छापतात, आणि बाहेरची त्याहून साधारण दोन इंचांनी जास्त असते. म्हणून त्याच्या जवळचा ए-९५. कधी आत, कधी बाहेर मोजल्यानं लोक दोन इंच चुकीचा पट्टा आणतात, आणि मग तो एक तर चढत नाही नाही तर घसरतो.

साधा पट्टा जळायचं कारण वेगळं. डेकवर पट्ट्याच्या पाठीवरून चपटी आयडलर (पट्टा ताणून धरणारी) पुली फिरते, आणि हाताच्या दांड्यानं चालणाऱ्या डेकमधे पट्टा सुरू होताना पुलीवर घसरतो. मोव्हरच्या पट्ट्याला यासाठी अरामिड धाग्याची दोरी आणि वर घासून न जळणारं कापड असतं. साधा पट्टा एखाद-दोन कापण्या काढेल, तेवढंच. नवा पट्टा घालण्याआधी सगळ्या पुल्या हातानं फिरवा. खरखर करणारी किंवा डुगडुगणारी पुली तशीच ठेवली तर नवा पट्टाही महिनाभरात जातो. पट्टा कुठून कसा गेलाय त्याचा फोटो काढण्याआधीच घ्या.

वंगण
आता बिघाड. लक्षणावरून कारण शोधायची माझी पद्धत सांगतो.

किल्ली फिरवली आणि नुसता टक् आवाज आला : आधी बॅटरी. विश्रांतीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. बॅटरी चांगली असेल तर निगेटिव्ह वायर चासीला जिथे बसते तिथला गंज घासा. पावसाळ्यानंतर दहापैकी निम्म्या वेळा दोष तिथेच सापडतो. मग सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरला वीज जोडणारा स्विच. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना निगेटिव्ह शेवटी.

स्टार्टर अर्धा फेरा फिरून अडकतो, पुन्हा प्रयत्न केला की फिरतो : लोक बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही बदलतात आणि दोष तसाच राहतो. कारण व्हॉल्व्हची फट वाढलेली असते. या इंजिनांत सुरू होताना कॉम्प्रेशन सोडायला कॅमवर एक बारीक उंचवटा असतो, तो व्हॉल्व्ह किंचित उचलतो. फट वाढली की तो उचलणं पोचतच नाही. इंजिन थंड असताना, कॉम्प्रेशनच्या फेरीत पिस्टन सर्वांत वर येऊन ६ मिलिमीटर खाली गेल्यावर फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघा. ब्रिग्ज कंपनीच्या बऱ्याच एकसिलिंडरी इंजिनांत इनटेक ०.०८ ते ०.१३, एक्झॉस्ट ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर. आपल्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेत ताडून घ्या. मॉडेल, टाइप आणि कोड हे तिन्ही अंक इंजिनवरच ठोकलेले असतात. सुटे भाग मागवताना ते तिन्ही द्या, नुसती हॉर्सपॉवर सांगून भाग जुळत नाही.

वीस मिनिटं चालून बंद पडतं, थांबल्यावर पुन्हा सुरू होतं : टाकीचं झाकण सैल करून बघा. झाकणाचं हवेचं भोक मातीनं बुजलं की टाकीत पोकळी होऊन पेट्रोल उतरत नाही. झाकणानं फरक पडला नाही तर इग्निशन कॉइल तापून सोडत असेल; बंद पडताच लगेच ठिणगी तपासा.

वेग सतत वर-खाली : मुख्य किंवा पायलट जेट बुजलेला. वाटीच्या तळाशी बारीक सोलेनॉइड असेल तर किल्ली चालू केल्यावर त्याचा टिक् आवाज ऐका. तो आला नाही तर पेट्रोलच येत नाही. जेटमधे तार किंवा सुई घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवा पुरेशी.

प्लग वर्षातून एकदा बदला. फट ०.७६ मिलिमीटर.

गरम झाल्यावर चढाला ओढ कमी : हायड्रोस्टॅटिकचा पंखा तुटलाय का, त्याच्या पट्ट्यांवर गवत आहे का, पट्टा घसरतोय का, एवढं आधी बघा. ट्रॅक्टर ढकलायचा असेल तर मागचा फ्रीव्हील दांडा (चाकं गिअरपासून सोडवणारा) ओढूनच. तो न ओढता जीपला बांधून ओढलेल्या ट्रॅक्टरचा पंप आतून तुटतो. दांडा ओढल्यावर गिअरचा ब्रेकही राहत नाही, म्हणून उतारावर ते करायचं नाही.

अंगण
शेवटचं : जून ते सप्टेंबर यंत्र बंदच ठेवणार असेल तर?

मुरूम
टाकी पूर्ण रिकामी करा, वाटीही. तेल ठेवण्याआधीच बदला, जुन्या तेलातलं आम्ल चार महिने बेअरिंगवर बसू देऊ नका. प्लग काढून सिलिंडरमधे १५-२० मिली तेल ओता, दोन-तीन वेळा स्टार्टर फिरवून प्लग परत बसवा. फिरवताना प्लगच्या भोकावर फडकं धरा आणि तोंड लांब ठेवा. बॅटरी काढून घरात, महिन्यातून एकदा चार्ज. डेक खरवडून कोरडा केल्यावर आतून तेलाचा हात. पुढच्या एक्सलच्या मधल्या खिळीला आणि चाकांच्या निपलना लिथियम ग्रीस, जुनं बाहेर येईपर्यंत. स्पिंडलला निपल नसेल तर ते बंद बेअरिंगचं आहे, तिथे काही करायचं नाही. यंत्र जमिनीवर थेट ठेवण्यापेक्षा लाकडी फळ्यांवर ठेवा, आणि वर प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. सुती ताडपत्री चालेल. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा घाला म्हणजे उंदीर आणि कुंभारमाशी शिरत नाही, आणि त्या बोळ्याची लाल चिठ्ठी किल्लीला बांधा.